तिसऱ्या घंटेची गोळी

पडदा वर जातो आणि दिसते सांडोरमधली केळीची वाडी. साल १९९८. ओटीवर दिनानाथ, म्हणजे एके काळचे राजे, सेनापती आणि एकदा नाइलाजाने झालेली राजकन्या, आरशापुढे आ वासून बसलेले. हिरडी सुजलेली, गालाच्या आत पांढरा फोड. गावच्या नाटकाला आठवडा उरलेला. कितीतरी वर्षांनी राजा मिळाला, आणि 'प्रजाजनहो' म्हटलं की डोळ्यांत पाणी! तिकडे नाटकातल्याच आत्मारामने, राजाची जागा रिकामी झाली तर असावं म्हणून, राजाचं भाषण आधीच पाठ करून ठेवलेलं.

"एवढा अभिनय नाटकात केला असतात तर..." त्यांच्या पत्नी आशालताबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

पारनाक्यावर औषधांचं दुकान चालवणाऱ्या सेलिनने जंतुनाशक गोळ्या दिल्या. दोन दिवसांत पट्टी संपली, फोड जिथल्या तिथे. दिनानाथ तणतणत दुकानात हजर.

"काका, गोळी घेता कशी?"

"कशी म्हणजे? दाढेखाली कडाकड फोडतो, वर चहा."

चाळीस वर्षांची सवय. तिसरी घंटा झाली की खडीसाखरेचा खडा फोडायचा आणि रंगमंचावर पाऊल टाकायचं. तोंडात काही ठेवून गप्प बसणं त्यांच्या एकाही भूमिकेत नव्हतं.

सेलिनने कपाळाला हात लावला. "अहो, दुखणं तोंडात, औषध पोटात! गोळी हळूहळू विरघळू द्या. लाळेबरोबर औषध फोडावर, हिरडीवर पसरतं, तिथे टिकतं, तेव्हा जंतू मरतात. चावायची नाही, लगेच चहा नाही. पट्टीवर लिहिल्यात तेवढ्याच घ्या. आणि तरी उतार नाही पडला तर डॉक्टरकडे जा."

"आणि बोलायचं?"

"गोळी संपल्यावर."

त्या आठवड्यात आशालताबाईंनी लग्नानंतर प्रथमच रेडिओवरच्या बातम्या शेवटपर्यंत ऐकल्या. शुक्रवारी सूज उतरली, फोड सुकला.

शनिवारी नाटक. दिनानाथांनी शेवटची गोळी तोंडात ठेवली आणि घंटा अपेक्षेपेक्षा लवकर झाल्या. तिसरीला दाढा आपसूक उचलल्या गेल्या, तेवढ्यात सेलिनचा चेहरा आठवला. पडदा उघडला. राजा उभा, मुका. विंगेत आत्माराम आशेने पुढे सरकला. राजा प्रजेकडे बघतोय, प्रजा राजाकडे. मग कोणीतरी टाळी वाजवली, पाठोपाठ सगळा मंडप. आणि अखेर आवाज लागला, खणखणीत.

नाटक संपल्यावर आत्मारामने त्यांना मिठीच मारली. "दिना, काय थांबलास रे! अंगावर काटा आला. एवढा अभिनय कुठे लपवला होतास?"

"अभिनय कसला, बाबा? राजा केव्हाचा तयार होता, गोळीच संपत नव्हती."