झोसिमोस

बारा तासांची सलग चौथी पाळी संपवून मी 'ते रापा' या भागातल्या दूध पावडरच्या कारखान्यातून निघाले आणि तशीच हिल्सबरोला, धाकट्या भावाच्या घरी बारशाला गेले. डोळे चुरचुरत होते. खरं सांगायचं तर जायचं मनच नव्हतं.

नाव आधीच ठरलं होतं. झोसिमोस! भावाने हॉस्पिटलच्या फॉर्मवर परस्पर लिहून टाकलेलं. मला, सख्ख्या आत्याला, विचारलंसुद्धा नाही. त्याच्या पहिल्या बाळाचं नाव मी ठेवलं होतं, आठवडाभर शोधून, चांगलं दीर्घायुष्याचं. ते बाळ बारशानंतर वीस दिवसांत गेलं. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही, पण मी ठेवलेलं नावच नडलं हे मनात घर करून बसलं. आता भावालाही तसंच वाटतंय, असं मी धरून चालले.

हे बाळही सातव्या महिन्यातच आलं. सहा आठवडे काचेच्या पेटीत होतं. तेव्हा एकदा चहाच्या सुट्टीत मी ते नाव फोनवर शोधलं. जुनं ग्रीक नाव. अर्थ, जगेल असा. गुलामांमध्ये फार चालायचं म्हणे, पुढे संतांनीही घेतलं. आमच्या पणजोबांच्या आधीची तीन भावंडं गेली, म्हणून त्यांना दगडाचं नाव दिलेलं, यमाने नाक मुरडून पुढे जावं म्हणून. ग्रीक लोक सरळ आयुष्यच मागून मोकळे झाले. तरी माझा राग गेला नाही.

पाळण्याशी बायका जमल्या. मी सोफ्यावरच बसून राहिले. भाऊ आला.

"ताई, चल. कानात नाव तूच सांगायचंस."

"तू ठेवलंस, तूच सांग. मी जाम दमलेय."

तो शेजारी टेकला. "मागच्या वेळेपासून स्वतःला खातेयस तू, दिसतं मला. म्हणून या वेळी नाव मी ठेवलं. काही वाईट झालंच असतं, तर माझ्या माथी आलं असतं. तुझ्या नाही."

इतके दिवस जपलेल्या रागाचं काय करावं ते मला कळेना. मी उठले, पाळण्यात वाकले, कुर्र केलं, नाव सांगितलं. बायकांनी रीतीप्रमाणे हसत पाठीत धपाटे घातले. मी डोकं वर काढलंच नाही. बाळाचा श्वास गालाला लागत होता आणि मला तिथून हलायचं नव्हतं.