विहिरीकाठच्या झाडाला मारलेली निरगाठ

आयर्लंड बघायचं माझ्या मनातच नव्हतं. ह्यांना कंपवात झाल्यापासून शर्टाची बटणं लावून देण्यातच माझी निम्मी सकाळ जायची, हौस कुठून आणायची? पण २०१७च्या उन्हाळ्यात मुलगी मिल्टनला आमच्या घरी आली, माझा चेहरा पाहिला आणि परस्पर बसची टूर बुक करून मोकळी झाली. "मॉम, जस्ट गो. यू बोथ नीड अ ब्रेक." ब्रेक म्हणे! गोळ्या त्याच, बटणं तीच, फक्त खोल्या हॉटेलच्या.

मोहरचे कडे पाहिले, कॅशेलचा खडकावरचा किल्ला पाहिला. सुंदर होतं, नाही कशाला म्हणू? पण मी पाहिल्या त्या पायऱ्या आणि वॉशरूमच्या पाट्या. कड्यावर तर समुद्राकडे पाठ करून ह्यांचं जॅकेट धरून उभी होते. थकले होते मी, अगदी मनातून.

मग एका गावाबाहेर बस थांबली. शेताच्या कडेला जुनी पवित्र विहीर, तिच्याशेजारी काटेरी झाड, आणि झाडावर चिंध्याच चिंध्या. आजारी माणसाच्या अंगावरचं काहीतरी तिथं बांधायचं, अशी रीत. हे आयुष्यभर नवसाला हसत आलेले. "अगं, तू डॉक्टर ना?" म्हणाले. मी लक्ष दिलं नाही. ह्यांच्या जॅकेटच्या टोपीची नाडी ओढून काढली, वडाला सूत गुंडाळतात तसे फांदीला वेढे दिले आणि निरगाठ मारली. नवसाची गाठ कशी पक्की हवी.

बसमध्ये बसल्यावर गाइडबाईंनी पुढचं सांगितलं. चिंधी हळूहळू कुजते, तसतसा आजार ओसरतो, म्हणून कापड सुतीच हवं.

मी बांधलेली नाडी नायलॉनची! ती कुजायला सात जन्म पुरायचे नाहीत. हसू आलं आणि डोळेही भरले, पण उठायचं त्राण नव्हतं.

"जाऊ द्या," मी म्हटलं, "खुळ्या समजुती सगळ्या."

हे खिशात बराच वेळ चाचपडत राहिले. मी मदतीला हात पुढे केला तो बाजूला सारला. शेवटी थरथरत्या बोटांनी रुमाल बाहेर काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"प्युअर कॉटन आहे," म्हणाले. "ड्रायव्हरला सांग, दोन मिनिटं थांब. आणि आधी ती नाडी काढ." मग खिडकीतून झाडाकडे बघत हळूच विचारलं, "निरगाठ सुटेल ना गं तुला?"