भीतीची क्रियापदं

धाकटी गेल्याचा फोन आला तेव्हा थोरली चष्म्याच्या दुकानात एका फ्रेमचा स्क्रू बसवत होती. तिने फोन ऐकला, "बरं" म्हणाली, स्क्रू घट्ट केला, गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी नीट बसतेय का ते पाहिलं आणि मग पिशवी उचलली.

दोघी बहिणी एकाच घरात राहायच्या. लग्नं दोघींचीही झाली नव्हती. त्यावरून नातेवाइकांनी बोलायचं ते केव्हाच बोलून झालं होतं. थोरली सत्तावीस वर्षं त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. धाकटी विमा कंपनीत होती. एकेचाळिसाव्या वर्षी तिने त्या नोकरीवर पाणी सोडलं आणि विद्यापीठात प्राचीन ग्रीक शिकायला नाव घातलं. मावशीने कपाळावर हात मारला. थोरली एवढंच म्हणाली, "कर बाई. नापास होऊ नये म्हणजे झालं."

धाकटी नापास झाली नाही. दोन वर्षं पहिली आली. तिसऱ्या वर्षी वाक्यरचनेचा पेपर, म्हणजे सगळ्यात अवघड पेपर, महिन्यावर आला असताना मेंदूतली शीर फुटली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

थोरली रडली नाही. मावशी आठ दिवस "रडून घे, मोकळी हो" म्हणून मागे लागली आणि कंटाळून आपल्या घरी गेली. थोरली कामावर जाऊ लागली. एकदा फ्रेम मऊ करायच्या हीटरवर तिचं बोट टेकलं. मालकांनी हात ओढला तेव्हा तिला ते कळलं.

"अहो, लक्ष कुठंय तुमचं?"

"इथंच आहे," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. दुसरीकडे जायला तिच्या लक्षाला ठिकाणच नव्हतं.

ग्रंथालयाचं तिसरं पत्र आलं तेव्हा ती धाकटीची पुस्तकं परत करायला गेली. दोन पुस्तकं जमा झाली. तिसरं, वाक्यरचनेचं जाडजूड व्याकरण, काउंटरवरच्या माणसाने चाळलं आणि परत सरकवलं.

"सगळं पेन्सिलने रंगवलंय. खोडून आणा, मग घेतो."

बहीण वारली हे तिच्या ओठांवर आलं होतं, पण सांगितलं की तो काहीतरी बोलणार, मग आपल्यालाही काहीतरी बोलावं लागणार. तिने पुस्तक पिशवीत घातलं.

तीन रविवार ती जेवणाच्या टेबलाशी खोडरबर घेऊन बसली. काचेवरचे बोटांचे ठसे पुसावेत तसं एकेक पान साफ करत गेली. धाकटीचं अक्षर बारीक, डावीकडे कललेलं. समजत काहीच नव्हतं. मग एका परिच्छेदाशेजारी दोनदा अधोरेखित केलेले दोन शब्द दिसले: ताईला विचारणे.

तिने रबर खाली ठेवला. ग्रीकचं एक अक्षर न येणाऱ्या ताईला ही काय विचारणार होती?

शनिवारी दुपारी दुकान बंद असायचं. ती विद्यापीठात जाऊन ग्रीकच्या बाईंसमोर पुस्तक उघडून बसली. बाईंनी अक्षर ओळखलं आणि पुस्तक जवळ ओढलं.

"ही भीतीची क्रियापदं," त्या म्हणाल्या. "पाऊस येईल अशी भीती वाटली तर ग्रीक माणूस म्हणतो, 'भितो, पाऊस न यावा.' भीती येण्याचीच, पण मध्ये 'न' घालायचा. मुलं दरवर्षी इथं अडखळतात, नेमका उलटा अर्थ लावतात."

"उलटं काय त्यात? आपणही तसंच म्हणतो की. पाऊस येऊ नये म्हणजे झालं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पुन्हा म्हणा."

तिने पुन्हा म्हटलं.

"बावीस वर्षं शिकवतेय मी," बाई म्हणाल्या. "हे मला कधी सुचलं नाही. तिला सुचलं असणार. तुम्ही नेमकं कसं म्हणता ते विचारायचं असेल तिला."

आता काहीतरी वाटायला हवं, असं थोरलीला वाटलं. ती वाट पाहत बसली. शेजारच्या खोलीत कोणीतरी लोखंडी कपाट सरकवत होतं. बाकी काही आलं नाही.

"वर्गात बसता का?" बाईंनी विचारलं.

"मला अक्षरओळखही नाही."

"मग अक्षरांपासून."

ती हो म्हणाली, कारण शनिवारची दुपार कशी घालवायची हे तिला कळत नव्हतं. दुसरं कारण नव्हतं.

चार वर्षं गेली. वर्गात दोन मुली आणि एक निवृत्त इंजिनियर होता. तो नामांची रूपं चालीवर म्हणायचा आणि चाल चुकली की रूपही चुकायचं. थोरलीला ना गोडी लागली ना कंटाळा आला. क्रियापदांची रूपं तिने काचा घासल्यासारखी घासली. घरी जेवताना ताटाशेजारी वही, एवढाच फरक पडला.

वाक्यरचनेच्या सराव परीक्षेत भाषांतराला वाक्य होतं: 'शत्रू येईल अशी त्यांना भीती होती.' तिच्या उत्तरावर बाईंनी लाल रेघ मारून अर्धा मार्क कापला. भूतकाळातल्या भीतीला क्रियापदाचं वेगळं रूप लागतं, हिने वर्तमानातलं ठेवलं होतं.

थोरली उठून उभी राहिली. कान तापले होते. हे काय होतंय, तिला क्षणभर कळेना.

"हे चूक नाही, बाई."

"नियम आहे तो."

"नियमाखाली सूट आहे. भीती ज्याला वाटली त्याच्या मनातली जशीच्या तशी ठेवायची असेल तर वर्तमानातलं रूप चालतं. पुस्तक काढा. काढा म्हणते ना!"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. बाईंनी पुस्तक काढलं, वाचलं, चष्मा वर केला. "बरोबर आहे तुमचं. माझी चूक." त्यांनी रेघ खोडून मार्क परत दिला.

बाहेर इंजिनियर म्हणाला, "अर्ध्या मार्कासाठी केवढ्या तडकलात हो!"

"अर्धा का असेना, माझा होता," थोरली म्हणाली. घरी जाऊन तिने भाकरीचे दोन तुकडे जास्तच खाल्ले आणि दिवे लागायच्या आत झोपून गेली.

खऱ्या परीक्षेत तिला शंभरात छप्पन्न मिळाले. दुकानात तिने ते सांगितलं, कारण मालकांनी निकालाची तारीख विचारून ठेवली होती.

"वा! काहीतरी बोलून दाखवा की ग्रीकमध्ये."

तिने एक वाक्य म्हटलं.

"म्हणजे काय?"

"सैन्य नदीपाशी थांबलं."

"बस? एवढंच?"

"एवढंच," ती म्हणाली आणि मागच्या खोलीत गेली. दुपारपर्यंत चार चष्मे द्यायचे होते.