बदलीचा चौकोन

सचिन या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या लूमच्या कारखान्यात माझे वडील कामाला होते, त्याच कारखान्याची हजेरी कॉम्प्युटरवर न्यायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं. नोकरीत मी नवी होते. वडील तिथेच आहेत हे कुणाला सांगितलं नव्हतं. प्रोग्रामच्या आधी सगळा कारभार कागदावर मांडायचा असतो: कामगार एक चौकोन, त्याचं हजेरीचं कार्ड एक चौकोन, आणि मधल्या रेघेवर लिहायचं, एकाला एक की एकाला अनेक. आमच्या साहेबांना चौकोन सरळ आले की जगही सरळ वाटायचं. त्यांनी कार्ड आणि कामगार यांच्यात एकाला एक अशी रेघ ओढली.

पण वडील आजारी होऊन धुळ्याकडे गावी पडून होते आणि त्यांच्या कार्डावर काका लूम चालवत होते. आम्हा खानदेशी लोकांत हे सर्रास चालायचं. माणूस लग्नाला, दुखण्याला गावी गेला की भाऊ नाहीतर मेहुणा त्याच्या जागी उभा राहायचा. मुकादमाला ठाऊक असायचं, वर कुणी विचारत नसे. आता कार्डावर फोटो येणार होता. रेघ तशीच राहिली तर काकांना गेटवर अडवणार आणि वडिलांची जागा जाणार.

कारखान्याच्या शेठसमोर कागद पसरला तेव्हा मी तोंड उघडलं. "एका कार्डावर दोन माणसं असू शकतात."

"एक कार्ड, एक माणस," शेठ गुजरातीत म्हणाले. मग मला हे कसं ठाऊक, ते विचारलं. "तने केम खबर?"

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की नोकरी गेलीच समजावं. मी मध्ये तिसरा चौकोन काढला, त्यात 'बदली', म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा, असं लिहिलं आणि सांगून टाकलं, की माझ्या वडिलांच्या कार्डावर आज काका उभे आहेत.

शेठनी 'बदली'वर बोट ठेवलं. मग चक्क खूश झाले. चौकोन राहू दे म्हणाले, बदलीवाल्याला पगार फक्त काम मिळेल त्या दिवसाचा. मुकादमाला बोलावून त्यांनी हुकूम दिला, की लूमवर जो आहे त्याचं कार्ड करा आणि आजारी माणसाला बदलीत टाका. मी वाद घातला, पण कारखाना त्यांचा होता. भावाची जागा आपल्या नावावर झाली म्हणून त्या दिवशी काका घरी जेवले नाहीत.

वडील परतल्यावर मी सगळं सांगितलं. संतापाने माझा आवाज चढला होता. ते भिंतीला टेकून ऐकत होते. मग आपलं नाव तिथं आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं.

"मनं नाव शे ना तठे, बाई?"

"शे."

"मंग बस," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेटवर बदलीवाल्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले, कुणी गैरहजर असेल तर आत घेतील म्हणून.