सायकल कुणाच्या वाट्याला?

गेल्या महिन्यात एका रविवारी निरगुडसरला आमच्या ओट्यावर वाटणी झाली. घाबरू नका... जमिनीची नाही, सायकलची. आणि खरं सांगतो, त्या दिवशी माझा जो गोंधळ उडालाय तो अजून निस्तरलेला नाही.

सायकल म्हणजे माउंटन बाइक, पण दुकानातून तयार आणलेली नाही. मी आणि धाकटा भाऊ संकेत, दोघांनी मिळून एकेक पार्ट जमवून बांधलेली. फ्रेम पुण्यातल्या एकाकडून जुनी घेतली, पुढचा शॉकअप संकेतच्या पहिल्या पगारातला, चाकं माझ्या बोनसमधली.

शिनोलीच्या पुढचा रस्ता असो नाहीतर आण्याचं पठार, आळीपाळीने चालवायची. मी उंच, तो बुटका... म्हणून सीटच्या दांड्यावर दोन टेप लावलेत, लाल माझी खूण, निळी त्याची. सीट परत खाली का केली नाही, यावरून आमची कायम जुंपायची.

तर संकेतला बेंगलोरला नोकरी लागली. तिकडच्या रूमचं डिपॉझिट भरायचं होतं. म्हणाला, "दादा, सायकल विकू, निम्मे निम्मे घेऊ." म्हटलं, विकायची नाही, मी ठेवतो, तुझा निम्मा हिस्सा तुला देतो. तो लगेच तयार झाला.

पण निम्मा म्हणजे कितीचा निम्मा? इथून माझी वाट लागली...

मोबाईलवरच्या ॲपला कंपनी आणि मॉडेल पाहिजे. "घरी बांधलेली" असं काही त्याला कळतच नाही. मंचरच्या सायकलवाल्याने चाक फिरवून बघितलं, कंपनी विचारली, आणि सगळं मिक्स आहे म्हटल्यावर बोलला, "भाऊ, मिक्स म्हंजी भंगाराच्या जरा वर."

सायकलवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं, तर तिथले म्हणाले पार्ट सुटे करून विका, चांगले पैसे येतील, अख्खी विकली तर निम्मेच. आता मला सांगा, अख्खी स्वस्त आणि सुटी महाग, हे कुठलं गणित? त्यावरून त्यांची आपसातच भांडणं लागली, मी मुकाट ग्रुप म्यूट केला.

शेवटी आमचे वडील, अण्णा, वैतागले. "पैशात मोजता येत न्हाई ना? मग वाटे पाडा."

आमच्याकडे रीत अशी की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. म्हणजे थोरला लबाडी करत नाही. आमच्या दोघांच्या सामाईक वस्तू होत्या चार... ही सायकल, एक सेकंडहँड स्कूटर, एक तंबू आणि एक स्पीकर.

ओट्याच्या एका बाजूला सायकल उभी केली, दुसऱ्या बाजूला स्कूटर. मला काहीही करून सायकल पाहिजे होती, म्हणजे त्याने स्कूटरचा वाटा उचलायला हवा. म्हणून तिथे तंबू ठेवला. मग वाटलं, शॉकअप त्याच्या पगाराचा आहे, त्याचं मन सायकलकडेच ओढणार... स्पीकरही ठेवला. तरी धाकधूक जाईना. कुणाचं लक्ष नाही बघून माझ्या हातातलं घड्याळ काढलं आणि हळूच स्कूटरच्या सीटवर ठेवून दिलं.

अण्णांनी बघितलंच. "हे घड्याळ सामाईक कधी झालं रं?"

"असू द्या हो अण्णा," मी म्हटलं.

संकेत बाजारात बैल बघावा तसा दोन्ही वाट्यांभोवती फिरला. घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं... आणि सरळ सायकलच्या हँडलवर हात ठेवला!

"दादा सोताचं घड्याळ टाकतोय म्हंजी सायकल लई भारी किमतीची असणार. मी हीच घेतो. तिकडं विकली की डिपॉझिट सुटंल."

अरे देवा! मीच माझ्या हाताने भाव चढवून ठेवला होता. अण्णा उपरण्यात तोंड घालून हसत होते, मीही हसलो. मग मागच्या नळावर जाऊन तोंड धुतलं, कारण मला खरंच रडू आलं होतं.

रीत ती रीत. सायकल खोलून, कांद्याच्या गोण्यांत गुंडाळून मीच बांधून दिली, नाहीतर त्याने ब्रेकची डिस्क वाकवली असती. तो गेला. इकडे मी, स्कूटर, तंबू आणि स्पीकर... सकाळी भांडायला घरात कुणी नाही.

परवा त्याने रूमचा फोटो पाठवला. कोपऱ्यात सायकल! लगेच फोन लावला. "विकली न्हाई अजून? आन डिपॉझिट?"

"कंपनीकडून उचल घेतली. गिऱ्हाईक येतंय रं सायकलला, पण किंमत ऐकून माघारी जातंय."

"किती सांगतोस?"

"कुणीच घेणार न्हाई इतकी."

फोटो पुन्हा मोठा करून बघितला, तर सीट पार लाल टेपपर्यंत वर काढलेली. म्हटलं, "येड्या, पाय तरी पुरत्यात का तुझे?"

"न्हाई पुरत. तुझ्यासाठी काढून ठेवलीय. कधी येतोस?"

तर मंडळी, सायकलची किंमत काय, हे मला अजूनही सांगता येणार नाही. अण्णांना वाटे पाडायची बुद्धी झाली म्हणून ती निदान घरातल्या घरात राहिली, एवढं मात्र खरं. शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलंय... आणि ते घड्याळ बॅगेत टाकलंय, संकेतच्या हातात बांधायला.