काशीत दुसऱ्यांदा जाळलेली सीडी

गाडी गंगेच्या पुलावर आली तसे डब्यातल्या सगळ्यांनी हात जोडले. मी एकच हात कपाळाला लावला, कारण दुसऱ्या हाताने झोळा पोटाशी धरला होता. झोळ्यात आईची सीडी होती.

शकूमावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, काकांच्या रेल्वेतल्या नोकरीपायी काशीला गेली आणि तिथलीच झाली. तिच्या नातीचं लग्न होतं. लग्नाआधी घाणा भरतात (जात्यात हळद दळायचा विधी), त्या वेळी ओव्या म्हणायच्या असतात. तिकडच्या सुनांना त्या येत नाहीत आणि आईचे गुडघे प्रवासाला तयार नाहीत. म्हणून आईने मोबाइलसमोर बसून ओव्या गायल्या आणि मी त्या सीडीवर उतरवल्या. "माझा पोरगा ग्रॅज्युएट हाय, समदं नीट करून आणील," असं तिने मावशीला फोनवर सांगून ठेवलं होतं. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला, आणि मी ते लपवत नाही.

मावशीचं घर संकठा घाटाजवळच्या गल्लीत आहे. समोरून सांड आला की भिंतीला चिकटून उभं राहायचं. गल्ली त्याची असते. गेल्या गेल्या मलइयो (थंडीत मिळणारी, दुधाच्या फेसाची मिठाई) हातात आली. ती जिभेवर ठेवतो न ठेवतो तोच नाहीशी झाली. मग मावशीने काकांच्या सीडी प्लेअरवरचं मखमली कापड काढलं. काका आता नाहीत, पण त्यांचा प्लेअर रोज पुसला जातो.

सीडी आत गेली, घरघरली. पडद्यावर अक्षरं आली: ‘नो डिस्क’.

"बेटा, हा तर काही बोलतच नाही," मावशी म्हणाली. "उद्या सकाळी घाणा आहे."

चूक मला लगेच कळली. मी फायली उचलून तशाच तबकडीवर ठेवल्या होत्या. कॉम्प्युटर त्या वाचतो. जुन्या प्लेअरला ऑडिओ सीडीच करून द्यावी लागते.

"मोबाइलवर लावू ना, मावशी."

"त्यात माझ्या बहिणीचा आवाज म्हणजे मच्छर भुणभुणल्यासारखा! नातवंडांतलं पहिलं लग्न, आणि यांचा बाजा चुप बसणार?"

मी झोळा उचलून निघालो. हिंदी शुद्ध बोलायची म्हणून सीडी करण्यासाठीचा ‘बर्न’ हा इंग्रजी शब्द मी टाळला. रिक्षावाल्याला म्हटलं, "भैया, माँ की सीडी जलवानी है. आज ही."

हॉर्नच्या गोंगाटात त्याला किती ऐकू गेलं, देव जाणे. त्याने गाणं बंद केलं, माझ्याकडे मायेने पाहिलं आणि म्हणाला, "धीरज रखिए भइया." सीडीसाठी एवढी कळकळ! काशीची माणसं मला फार आवडली.

चौकात उतरून त्याने मला स्वतः गल्लीतून नेलं. फळीवर एक गृहस्थ चहा पीत बसले होते. मागे लाकडं रचलेली. थंडीचे दिवस, शेकोटीला असतील. रिक्षावाला त्यांच्या कानाशी लागला आणि हात जोडून गेला.

"माताजी कहाँ हैं?" गृहस्थांनी विचारलं.

मी झोळ्यावर थाप मारली. "इसमें."

"अस्थि है? तब तो जल चुकी हैं."

"हाँ, एक बार जली है. पर ठीक से नहीं जली. दुबारा जलवानी है."

त्यांनी चहा खाली ठेवला.

"आवाज़ ही नहीं आती," मी समजावून सांगितलं. "और कल सुबह शादी में माँ को गाना है!"

ते उठून उभे राहिले. तेवढ्यात गल्लीतून ‘राम नाम सत्य है’ करत एक तिरडी आली, आणि मला कळलं की आपण मणिकर्णिकेच्या, म्हणजे स्मशानघाटाच्या, वाटेवर आहोत. मी घाईघाईने सीडी बाहेर काढली. गृहस्थांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि पोट धरून हसले.

"अरे गुरू, यहाँ कोई दुबारा नहीं जलता! चौक में फोटो स्टूडियो है, वहाँ ले जाइए अम्मा को."

लग्नांच्या शूटिंगवाल्या त्या स्टुडिओत ऑडिओ सीडी झाली. त्यांच्या जुन्या डेकवर दोनदा वाजवून घेतल्याशिवाय मी हललो नाही.

सकाळी जात्याभोवती बायका बसल्या. काकांचा प्लेअर घरघरला, थांबला, आणि आईचा आवाज खोलीभर झाला. मावशीने खुंटा धरला. ओळ आईने सुरू करायची, मावशीने पुरी करायची. नवरी आधी हसत होती. मग तिनेही खुंट्याला हात लावला. शेवटची ओवी संपली आणि त्याच आवाजात आलं, "झालं का रं? कर बंद." तेवढं कापायचं माझ्याकडून राहिलं होतं.

"नको गं," मावशी प्लेअरला म्हणाली, "अजून हळद उरलीय." आणि मला म्हणाली, "लाव बेटा, पहिल्यापासून."

घरी परतल्यावर आईला सगळं सांगितलं, मणिकर्णिकेचंही.

"मला तिथवर नेऊन माघारी आणलंस?" आई म्हणाली. "आयुष्य वाढलं म्हणायचं माझं." मग म्हणाली, "शकूताईला सांग, धाकट्या नातीच्या घाण्याला मी सोता येते. गुडघ्यांचं बघू."

पदवीचा उपयोग झाला. मात्र त्या वेळी रिक्षावाल्याशी आईच बोलेल.