नोंदवहीतली मनाई

देवीवर रागावून डोंगर चढणारी मी काही पहिलीच बाई नसेन, पण त्या मंगळवारचा माझा राग खरोखर मोठा होता. लग्न होऊन साताऱ्याकडून विरारला आले, तेव्हापासून मी जीवदानी आईच्या पायऱ्या चढते आहे. आधी नवसापोटी, मग सवयीनं आणि नंतर नुसतं आईशी चार शब्द बोलायला. रोपवे झाला तरी मी पायऱ्याच धरून राहिले, कारण मनातलं सगळं बोलून होईपर्यंत वेळ लागतो आणि रोपवे फार लवकर पोचवतो. त्या दिवशी मात्र मला बोलायचं नव्हतं, भांडायचं होतं. तुझ्या नावातच जीवदान आहे ना, मग ते देताना हात का आखडतेस, असं तोंडावर विचारायचं ठरवूनच मी घरातून निघाले होते.

मी टेलिफोन खात्यात तीस वर्षं ऑपरेटर होते. खरखरत्या लाइनीवरून मी माणसांची नावं, गावं, बारशाच्या आणि मरणाच्या बातम्या अचूक टिपल्या. निवृत्तीनंतर घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी चालणाऱ्या एका हेल्पलाइनवर मी जाऊ लागले, तेव्हा 'माझा कान कधी चुकत नाही' हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं. आमच्याकडे दोन फोन आहेत. फोन करणारीनं एक दाबलं तर मराठी, दोन दाबलं तर हिंदी. शेजारी नोंदवही असते. ज्यांना घरातून बाहेर पडायचं असतं त्यांच्यासाठी आधारगृह आहे. आणि एक नियम आहे, तो कधी मोडत नाही: बाईची मर्जी नसेल तर तिच्या दारात जायचं नाही. आपण जाऊन येतो आणि मागे मार तिला खावा लागतो.

आदल्या शनिवारी दुपारी मी हिंदीच्या फोनवर बसले होते. फोन वाजला, मी "नमस्ते, बोलिए" म्हटलं. पलीकडून वाऱ्याचा आवाज आणि दबलेला बाईमाणसाचा स्वर. तिनं बहुधा चुकून दोन दाबलं असावं. नाव शेवंती, राहणार अर्नाळा, बर्फाच्या कारखान्यामागं. नवऱ्यानं कालच मारलं होतं, हात सुजला होता. एवढं नीट कळलं. मग तिचा आवाज एकदम खाली गेला आणि ती घाईघाईत म्हणाली, "मना नेवाला या. आता नको, तो घरान हाय. मंगलवारी." सकाळपासून हिंदी ऐकणाऱ्या माझ्या कानानं त्यातलं 'मना' पकडलं, 'नको' पकडलं, मधला शब्द वाऱ्यावर सोडून दिला. मी म्हटलं, "बरं बाई, तू सांगशील तसंच करू." फोन कट झाला. मी सुवाच्य अक्षरात नोंद केली, 'घरी येण्यास मनाई. मंगळवारी तर नकोच.' आणि खाली रेघ मारली.

आमचं काम बघणारी फिलोमिना वसईचीच, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तिनं नोंद वाचली, सुस्कारा टाकला. "मग थांबावं लागेल काकू. ती पुन्हा फोन करील," ती म्हणाली. रविवार गेला, सोमवार गेला, फोन आला नाही. दर वेळी घंटी वाजली की मी झडप घालायचे, आणि पलीकडे दुसरीच कुणी असायची. त्याच आठवड्यात आधारगृहातली एक मुलगी आपण होऊन सासरी परतली होती. माझा धीरच सुटला. ज्या बाईला फोन करायची बुद्धी झाली, तिला दार उघडायची का होऊ नये? की आपण उगीचच फोन उचलतो? हा प्रश्न घेऊन मी पायऱ्या चढत होते. वाटेत कुणाकडे बघितलं नाही, चपला काढतानाही मनातल्या मनात भांडतच होते.

अर्ध्या वाटेवर एक म्हातारी पायरीवर बसली होती. लुगडं कोळणींसारखं घट्ट नेसलेलं, केसांत अबोलीचा गजरा, मांडीवर ओटीचं सामान. गुडघा धरून बसली होती, म्हणून मी हात पुढे केला. ती म्हणाली, "मना हात दे गो." मी हात मागे घेतला. नको असेल, कुणाकुणाला अनोळखी माणसाचा हात धरायला आवडत नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली, मग पुन्हा म्हणाली, "मना हात दे!" मी दोन पावलं मागे सरकले आणि म्हटलं, "बरं आजी, राहिलं." तशी ती एवढी हसली की गजरा हलला. "काय येडी बाय हाय! अगो, मना म्हंजे माला. माला, माला! हात दे मना, उठाचा हाय."

मी तिला उठवलं की तिनं मला धरून ठेवलं, आता आठवत नाही. कानात शनिवारचा आवाज जसाच्या तसा वाजला. मना नेवाला या. मला न्यायला या. आता नको, तो घरात आहे. मंगळवारी. आणि आज मंगळवार होता. मी 'तू सांगशील तसंच करू' म्हणाले होते आणि नोंदवहीत तिच्या हाकेची मनाई करून खाली रेघही ओढली होती. ती बाई या क्षणी दाराशी बसून माझी वाट बघत असणार. मला रडू फुटलं, लाज वाटली, आणि मग दोन्ही पुसून मी मोबाइल काढला, फिलोमिनाला लावला.

"तिचे शब्द सांगा काकू, तुमचे नको," फिलोमिना म्हणाली. मी शेवंतीचे शब्द तिच्याच हेलात म्हटले. फिलोमिनाचं सगळं आयुष्य कोळ्यांच्या शेजारात गेलेलं. तिला क्षणभरही लागलं नाही. "अरे देवा! नवरा आज बोटीवर गेला असणार. काकू, खाली या. मी गाडी काढते." मी वळले, तर म्हातारी म्हणाली, "वर नाय येस? आई वाट बघते." मी म्हटलं, "मला खाली जावं लागेल आजी." ती म्हणाली, "जा तर. मी सांगन आईला." देवळाच्या अर्ध्या वाटेवरून, दर्शन न घेता मी आयुष्यात पहिल्यांदा परत फिरले. पायऱ्या उतरताना गुडघे दुखल्याचं मला स्मरत नाही.

जीपमध्ये घरगुती हिंसाचाराची प्रकरणं बघणाऱ्या सरकारी संरक्षण अधिकारी होत्या, एक महिला पोलीस होती आणि आम्ही दोघी. अर्नाळ्यात बोंबील वाळत टांगलेले, बर्फाच्या कारखान्यामागं ओळीनं घरं. तिसऱ्या घराच्या ओट्यावर एक तिशीतली बाई जवळा निवडत बसली होती. एक हात पदराच्या झोळीत, दुसऱ्या हातानं काम चालू. आम्हाला पाहताच उठली. जवळ्याची टोपली सरकवली आणि तिच्याखालून कपड्यांची पिशवी ओढून काढली. "किती उशीर केलाव! सकालपासना बसलंय," ती म्हणाली, तक्रार करावी तशी. आतून सासू ओरडत आली, शेजारणी गोळा झाल्या. पोलीसबाई मध्ये उभी राहिली. शेवंतीनं मागे वळून पाहिलं नाही. दुपारच्या भरतीला बोटी परतायच्या होत्या, त्याआधी आम्ही गाव सोडलं.

वाटेत मी तिला खरं ते सांगितलं. म्हटलं, मी तुझं ऐकलंच नव्हतं, उलट लिहून ठेवलं होतं. वाटलं, चिडेल. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पन तुमी बोललाव ना, सांगशील तसाच करू. मना भरवसा व्हता." तीन दिवस ती मार चुकवत, माझ्या ज्या शब्दावर विसंबून बसली, तो शब्द मी न समजता दिला होता. मग तो पाळला कुणी? मी तरी नाही. मी याच्यावर वाद घालत नाही, कुणी विचारलं तर म्हातारी कोण, कुठली, हेही मला सांगता येत नाही. मी तिचं नाव विचारलंच नव्हतं. पुढच्या मंगळवारी फुलवाल्यांकडे चौकशी केली, तर ते म्हणाले, अशा आज्या दर मंगळवारी येतात. येत असतील.

शेवंतीचं सोपं झालेलं नाही. हाड मोडलेलं निघालं, हात प्लास्टरमध्ये होता. कोर्टाच्या तारखा चालू आहेत, नवरा दोनदा आधारगृहाच्या फाटकाशी येऊन गेला, पोलिसांनी परत पाठवला. ती आता एका मसाल्याच्या कारखान्यात जाते, आणि गुरुवारी दुपारी आमच्याकडे येऊन बसते. आम्हाला शब्द शिकवते आणि माझ्या उच्चारांना पोट धरून हसते. फिलोमिनानं नियम केला आहे: नोंदवहीत आधी बाईचे शब्द जसेच्या तसे, मग आपला अर्थ. माझी ती रेघ मारलेली नोंद मी खोडू दिली नाही. दर महिन्याला नव्या येणाऱ्या बायकांना मी ती स्वतः दाखवते. मी उचललेला फोन मी सोडणार नाही, एवढं माझं पक्कं आहे. पण 'माझा कान कधी चुकत नाही' हे मी आता म्हणत नाही. तो कान मी आईच्या पायाशी ठेवला आहे, तिला लागेल तेव्हा ती वापरते.

मंगळवारी अजून पायऱ्याच चढते. पूर्वी वर पोचेपर्यंत आईला लांबलचक यादी ऐकवायचे, हिचं हे कर, तिचं ते कर. आता गाभाऱ्यासमोर उभी राहते, जमेल तेवढ्या कोळी हेलात एकच वाक्य म्हणते आणि कामावर जायला वळते.

मना हात दे.